तापाच्या रांगेतल्या वहाणा

आमच्या क्लिनिकमध्ये नंबर लावायला माणूस लागत नाही, चपला पुरतात. ही कल्पना माझी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पेठ रोडला आता बरेच जण ती आपलीच असल्यासारखी सांगतात.

२००९ चा ऑगस्ट होता. पुण्याहून स्वाइन फ्लूच्या बातम्या यायला लागल्या आणि आमची शाळा बंद झाली. मेडिकलमधले मास्क संपले. लोक रुमालाची घडी तोंडाला बांधून फिरायला लागले, गळ्यागळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुड्या आल्या. आमच्या रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांनी ‘डॉक्टर बाहेरगावी’ अशी पाटी लावली.

आईने पाटी लावली नाही.

आई म्हणजे डॉ. मोहिनी खैरनार. बाजार समितीच्या अलीकडे आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचं क्लिनिक. पेशंट म्हणजे समितीतले हमाल, टोमॅटोच्या गाड्यांवरचे लोक, पेठ-हरसूलकडून एसटीने येणाऱ्या बाया. आईला स्वतःला लहानपणापासून दमा आहे. बाबा नोटप्रेसमधून घरी आले की रोज एकदा म्हणायचे, “महिनाभर बंद ठेव ना मोहिनी. तुझी फुप्फुसं काय लोखंडाची आहेत?”

“आणि तापाची माणसं जातील कुठे?” आई विचारायची. “सिव्हिल हॉस्पिटलला आत्ताच उभं राहायला जागा नाही.”

विषय तिथे संपायचा. माझ्यासाठी मात्र संपायचा नाही. तिच्या श्वासाला शिट्टी लागलीय का, हे मी येता-जाता ऐकत असायचे.

आईने सगळं क्लिनिक खिडकीतून चालवायचं ठरवलं. बसायची खोली बंद. अंगणात खिडकीखाली एक स्टूल, त्यावर पेशंट. आत मास्क बांधून आई. बाबांनी रबराची नळी जोडून तिचा स्टेथोस्कोप लांब करून दिला. त्याने आवाज जरा बारीक येतो, पण छातीतली खरखर लपत नाही, असं आई म्हणाली. मंगलामावशी, म्हणजे आईच्या मदतनीस, आतून औषधांच्या पुड्या बांधून खिडकीच्या गजांतून बाहेर सरकवायच्या.

एवढं करूनही पहिल्याच दिवशी फाटकापाशी ही गर्दी. सगळे एकमेकांच्या खांद्यावर खोकत उभे. लांब बसा म्हटलं तर कुणी हलेना, कारण हललं की नंबर जाणार.

तेव्हा मला रॉकेलची रांग आठवली. तिथे माणसं सावलीला गप्पा मारतात आणि उन्हात डबे उभे असतात. मी अंगणात पांढऱ्या फक्कीच्या दोन रेषा मारल्या, एक तापाची आणि एक बाकीच्यांची. मग पायरीवर चढून ओरडले, “चपला रेषेवर काढा, पुढचं टोक खिडकीकडे, दोन जोडांत एक वीत अंतर. तुम्ही कुठेही लांब बसा. नंबर चपलांचा आहे, कुणाचा जाणार नाही.”

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलाही ऐकू येईल असं ‘हजर’ म्हणत नव्हते. यंदा आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आले आणि माझ्या गळ्यात काहीतरी उघडलं ते उघडलंच. सगळ्यांनी ऐकलं. हमालांनीसुद्धा. पाच मिनिटांत फाटक मोकळं झालं. कुणी शेडखाली, कुणी रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर, कुणी आपापल्या टेम्पोत. अंगणात फक्त चपला, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या.

आईने खिडकीतून पाहिलं. तोंडावर मास्क होता तरी ती हसली हे डोळ्यांवरून कळलं. “सुचलं कसं गं तुला?” म्हणाली. तो दिवस माझा.

माझ्या हातात मच्छरदाणीची काठी असायची. एक पेशंट उठला की मी मागचे जोड काठीने पुढे सरकवायचे. हवाई चपला हलक्या, सर्रकन जातात. बायकांच्या सँडल अडखळतात. गमबूट आडवे पडतात. सरकवून सरकवून मला चपलांवरून माणसं ओळखता यायला लागली.

त्या वहाणा पहिल्यांदा दिसल्या तेव्हा क्लिनिक संपलं होतं. तापाच्या रेषेच्या शेवटी एकच जोड उरला होता. पुरुषी, जाड कातड्याचा, एका अंगठ्यापाशी तांब्याच्या तारेने टाचलेला. दिवसभर ऊन होतं, पण वहाणा ओल्या होत्या. जवळ गेलं की कडुलिंबाचा पाला जाळल्यासारखा वास येत होता.

“कुणीतरी अनवाणी घरी गेलं वाटतं,” मी म्हटलं.

“तापात माणसाला भान राहत नाही,” मंगलामावशी म्हणाल्या. “ठेव शेडमध्ये. येईल न्यायला.”

सकाळी त्या शेडमध्ये नव्हत्या. तापाच्या रेषेवर होत्या, केरूमामाच्या चपलांच्या मागे. मालक येऊन परत नंबराला लागला असेल, असं मी धरून चालले.

केरूमामा रिक्षावाला. समितीपासून निमाणी स्टँडपर्यंत त्याची रिक्षा फिरते. स्टुलावर बसायच्या आधीच त्याने मला चिडवलं, “काय छोट्या डॉक्टरीणबाई, आमच्या चपलांना पण ताप आलाय का ते बघा जरा.” नुसता खोकला होता त्याला. आईने लांब नळी छातीला लावली, मग परत लावली, आणि शांतपणे म्हणाली, “केरूभाऊ, रिक्षा इथेच राहू दे. सिव्हिलला जायचं. आत्ता.”

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला ऑक्सिजनवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलं.

मागच्या वहाणांचा मालक कोण, हे विचारायचं मी विसरूनच गेले.

मग एका छोट्या मुलीच्या शिट्टी वाजणाऱ्या चपला. लाल. त्यांच्या मागे त्याच वहाणा. एक वीत अंतर हा माझा नियम सगळे पाळायचे, पण या वहाणांची टोकं पुढच्या टाचेला टेकलेली. मला राग आला. मी काठी लावून त्या मागे ढकलल्या.

त्या हलल्या नाहीत.

मी जोर लावला. जराशा सरकल्या, जड, नाखुशीने. आत कुणाचे पाय असतील तर सरकतील तशा. ओल्या कातड्याला वजन येतं, मी स्वतःला समजावलं. माझा विज्ञानाचा पेपर कधी नव्वदच्या खाली आलेला नाही.

मी दुसरी रांग बघून परत आले, तर वहाणा पुन्हा लाल चपलांना टेकलेल्या.

त्या छोटीलाही आईने सिव्हिलला पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिचे वडील पेढे घेऊन आले. आईने पेढे खिडकीबाहेरच ठेवायला लावले, पण ते गेल्यावर ती बराच वेळ खुर्चीत टेकून छताकडे बघत होती. आनंद झाला की ती अशी बसते.

साळूबाई ते बोलल्या तेव्हा मी अगदी जवळ उभी होते. साळूबाई पेठकडच्या, गुडघ्याच्या औषधाला येणाऱ्या. स्वतःच्या चपला साध्या रांगेत लावून त्या तापाच्या रेषेजवळून चालल्या होत्या. वहाणांपाशी थांबल्या. मान वर केली, उंच माणसाशी बोलताना करतो तशी.

“बाबा, किती येळचा उभा हायेस? बस की जरा.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्याला घ्या की आधी. लय दमलाय तो. सकाळधरनं उन्हात उभा हाय.”

“कोण, आजी?”

“हा काय,” त्या म्हणाल्या आणि शेडकडे निघून गेल्या. वहाणांपाशी कुणी नव्हतं. आजींना मोतीबिंदू आहे हे मला माहीत होतं. तेवढ्यावर मी भागवून घेतलं.

पण त्या दिवसापासून मी नीट बघायला लागले. संध्याकाळी वहाणा उचलून शेडमध्ये पालथ्या घमेल्याखाली ठेवल्या, वर वीट ठेवली. सकाळी वीट जागेवर, घमेलं जागेवर. वहाणा तापाच्या रेषेवर. या वेळी पुढे होते काळे बूट, समितीतल्या सहादू हमालाचे. सहादू मोरीवर बसून तंबाखू मळत होता. तगडा माणूस. नंबर बराच मागे होता.

मी खिडकीशी गेले. “आई, काळ्या बुटांच्या काकांना आधी घे.”

“का?”

“वाटलं बघून.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “बोलव.”

तिने सहादूला शर्ट वर करायला लावला आणि घड्याळ बघत त्याचे श्वास मोजले. तिच्या भुवया जवळ आल्या. “मंगलाबाई, अँब्युलन्सला फोन लावा.”

सहादू हसला. “अहो बाई, मला काय झालंय? आत्ता गोण्या उतरवून आलोय.”

“ते गोण्यांना माहीत. बसून राहा. बोलू नका.”

तो गेल्यावर आई मास्क सैल करून म्हणाली, “वेदू, मला लांबून दिसलं नसतं ते. तुझी नजर चांगली आहे हं.”

मी सांगायला हवं होतं का? मला वाटलं, काय सांगू? की वहाणा टेकल्या होत्या? आणि खरं म्हणजे मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुढे शाळा सुरू झाली. आमची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ क्लिनिकची. मी अंगणात आले की आधी वहाणा शोधायचे, त्या कुणाला टेकल्यात ते बघायचे आणि खिडकीत जाऊन नाव सांगायचे. आई तपासायची आणि प्रत्येक वेळी चेहरा गंभीर करायची. कुणी सिव्हिलला गेलं, कुणाला औषध मिळालं, आणि आमच्या खिडकीवरून गेलेलं एकही माणूस त्या साथीत दगावलं नाही. एकही नाही. आजूबाजूला काय काय चाललं होतं ते ज्यांना आठवतंय, त्यांना कळेल मी हे मान वर करून का सांगते.

पेठ रोडला बोललं जायला लागलं, डॉक्टरीणबाईंची पोरगी नुसतं बघून सांगते.

वहाणा माणसं न्यायला येत होत्या की दाखवायला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलंच नाही.

नवरात्र तोंडावर आलं होतं. त्या सकाळी मी काठी घेऊन अंगणात उतरले. बाहेर खूप चपला लागल्या होत्या. मी दोन्ही रेषा पाहिल्या, परत पाहिल्या. वहाणा नव्हत्या.

मला हलकं वाटलं. साथ संपत आली, असं मनात आलं. हे आईला सांगायला मी आत वळले.

घराच्या दारात, उंबऱ्याच्या आत, आईच्या तपकिरी सँडल होत्या. त्यांच्या मागे त्या.

टेकलेल्या.

फरशीवर पाण्याचे ओले डाग होते. अंगणापासून दारापर्यंत नव्हते. फक्त वहाणांखाली.

आई स्वयंपाकघरात होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. “घसा जरा धरलाय,” ती म्हणाली. “किती जण आहेत बाहेर?”

“आई, आज नको.”

“काय नको?”

मी सगळं सांगितलं. घमेलं, लाल चपला, साळूबाई, सहादू, सगळं. वक्तृत्वात पहिली आलेली मी, मला धड एक वाक्य जुळवता येत नव्हतं. आई हसली नाही. उठून दारापर्यंत आली आणि वहाणांकडे पाहिलं.

“कुणाच्या आहेत?”

“कुणाच्याच नाहीत.”

तिने वहाणांवरून नजर काढली. मग म्हणाली, “चपलांवरून निदान करत नाहीत, वेदू. माझे श्वास मोज.”

ती खुर्चीत बसली. मी तिच्याच मनगटावरचं घड्याळ बघत मोजायला लागले. जवळ गेल्यावर शिट्टी ऐकू आली. बारीक, आत खोल. आकडा वाढत गेला तसा माझा आवाज बसत गेला.

“किती?”

मी सांगितलं.

“दुसऱ्या कुणाचे असते तर मी काय म्हटलं असतं?”

“सिव्हिल.”

“मग?” ती म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

मी दारात एकटी होते.

काठीने वहाणा मागे ढकलल्या. काठी वाकली. वहाणा जागच्या जागी.

मी गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांनी धरल्या. कातडं ओलं होतं आणि आतून गरम, नुकताच कुणी पाय काढून घेतल्यासारखं.

मी पायातल्या निळ्या स्लिपर काढल्या.

आईच्या टाचा आणि त्या टोकांच्या मध्ये फट नव्हतीच. तिथे मी स्लिपरची कड घुसवली. दाबली. अंगातला सगळा जोर लावला.

“मधे मी आहे,” मी म्हटलं. कुणाला, ते मला विचारू नका.

वहाणा मागे सरकल्या. स्वतःहून. एक वीत, माझ्या नियमाप्रमाणे.

आई पिशवी घेऊन आली, सँडल घालून अंगणात उतरली. मी पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, “डॉक्टरांना बरं नाही. त्या सिव्हिलला चालल्यात.” अनवाणी होते, आवाज फाटत होता, पण शेवटच्या टेम्पोपर्यंत पोचला.

साळूबाई उठल्या, रेषेवरच्या आपल्या चपला उचलल्या आणि छातीशी धरून बाजूला झाल्या. मग बरा होऊन आलेल्या सहादूने आपले बूट उचलले. मग सगळ्यांनी. खिडकीपासून फाटकापर्यंत अंगण मोकळं झालं. दोन्ही बाजूंना माणसं, हातात चपला, आणि मधून माझी आई सरळ चालत गेली. फाटकाबाहेर केरूमामा होता. निम्मा झालेला, पण रिक्षा सुरू करून बसलेला.

“बसा बाई,” तो म्हणाला. “आज मीटर बंद, भाडं शिव्यांचं. हळू चालवली तर द्या.”

आई वाचली. सिव्हिलच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, दम्याचा पेशंट, अजून एक दिवस अंगावर काढला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. मला यात मिरवायचं आहे आणि मी मिरवणार. दिवाळीच्या आधी ती घरी आली. तिने खिडकी उघडली त्या सकाळी, मी उठायच्या आत दोन्ही रेषांवर चपला लागल्या होत्या. फक्कीसुद्धा कुणीतरी नवी मारली होती.

त्या वहाणा नव्हत्या. परत कधीच दिसल्या नाहीत. घमेल्याखाली, शेडमागे, मोरीत, मी सगळीकडे शोधलं.

आता जानेवारी आहे. साथ ओसरली, पण रांग चपलांचीच राहिली आहे, पेशंटना ती आवडते. बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास सांभाळून मी रोज थोडा वेळ काठी धरते. पुढे डॉक्टर होणार हे ठरलं आहे. आई म्हणते, अशी नजर शिकवून येत नाही.

निळ्या स्लिपर मी रोज संध्याकाळी घरातल्या मांडणीवर ठेवते. सकाळी त्या तिथे नसतात.

आज खिडकीशी आईजवळ उभी होते. अंगणात कोरडी थंडी, ऊन नुकतं आलेलं. तापाच्या रेषेवर तीन-चारच जोड होते. त्यातल्या एका पिवळ्या सँडलच्या टाचेला टेकून माझ्या स्लिपर होत्या. ओल्या.

साळूबाई औषध घेऊन निघाल्या होत्या. तापाच्या रेषेपाशी थांबल्या. त्यांची खिडकीकडे पाठ होती. या वेळी त्यांनी मान फार वर केली नाही. माझ्या उंचीइतकीच.

“पोरी, किती येळची उभी हायेस? बस की जरा.”

मी एका पायाचा तळवा दुसऱ्या पायावर घासला. ओली माती लागली.

“आई,” मी म्हटलं, “पिवळ्या सँडलवाल्या काकूंना आधी घे.”